आखणीवालीची चिठ्ठी

हे मी घरातही कधी बोललो नाही. आखणीवालीच्या नावाची एक चिठ्ठी नऊ महिने माझ्या टेबलाच्या खणात पडून होती, आणि ती तिथे मीच ठेवली होती.

आखणीवाली पेणजवळच्या जोह्याची. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखायची. ब्रश टेकला की श्वास धरायची, पापणी हलवायची नाही. बुबुळ भरून झालं की मूर्तीलाच दम द्यायची, "सरळ बघ रे बाबा. लोकांसारखी नजर चुकवू नको."

नजर चुकवणारे तिच्या वाट्याला फार आले. नवरा ट्रकवर होता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत तो एड्सने गेला आणि तिच्याही रक्तात तेच निघालं. कारखान्यातल्या बायकांनी तिचा पाट मागच्या पडवीत नेऊन टाकला. तिच्या घागरीला कुणी हात लावेना; आखायच्या मूर्ती मात्र रांगेने तिच्यापुढे यायच्या. "माझ्या हातचं पाणी नको, डोळे पायजेत," असं म्हणून ती हसायची. तिच्याबरोबर कुणी हसायचं नाही.

मी पेणला एका दवाखान्यात कंपाउंडर. ती मला 'भाऊ' म्हणायची. त्या आजारावरची खरी औषधं मुंबईत आली आहेत, एवढं आम्ही ऐकून होतो. आमच्याकडे तापाच्या आणि ताकदीच्या गोळ्या. खिडकीशी येऊन ती हळूच म्हणायची, "भाऊ, अंगावरून जातंय अजून." मी पुडी बांधता बांधता म्हणायचो, "त्यातलंच हाय गो ते." खोकला त्यातलाच, अशक्तपणा त्यातलाच. एकदा म्हणाली, "तुमच्या लाल गोळ्या उगाळून आता उंदराला रंग देते. मला तर काय गुण नाय."

डॉक्टरांना मात्र ते त्यातलंच वाटलं नाही. त्यांनी रोह्याच्या बाई डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, गर्भपिशवीचं तोंड तपासून घ्यावं म्हणून. मला म्हणाले, "खिडकीत चारचौघांत देऊ नकोस. घरी नेऊन दे, नीट समजावून सांग."

मी एसटीने निघालो. जोह्याच्या थांब्यावर ओळखीच्या पाच-सहा बायका उभ्या. तिच्या घरी हा एकटा कशाला, म्हणतील. ह्यालाही तेच असेल, म्हणतील. मी उतरलो नाही. पुढच्या गावाहून परत फिरलो. काही दिवसांनी डॉक्टरांनी विचारलं, "गेली का रोह्याला?" मी म्हटलं, "हो." त्या एका 'हो'नंतर चिठ्ठी द्यायची सोयच उरली नाही. ती खिडकीशी येत राहिली, मी 'त्यातलंच' म्हणत राहिलो.

रक्त जायला लागलं तेव्हा चिठ्ठी खणातून काढली आणि तिला रेल्वेने रोह्याला नेलं. बाईंनी तपासलं, मग आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. पिशवीच्या तोंडाशी गाठ होती, कॅन्सरची. तिच्या मुळाशी असतो तो विषाणू वेगळाच. पुष्कळ बायकांना होतो आणि बहुतेकींचं अंग त्याला परतवून लावतं. हिचं अंग पहिल्या आजाराने पोखरलेलं, म्हणून तो मुक्कामाला राहिला. वेळेत कळलं असतं तर काही करता आलं असतं. मग चिठ्ठीवरची तारीख बघून त्या चिडल्या. "नऊ महिने? होता कुठे तुम्ही?"

मी नजर खाली घातली. आखणीवालीने माझ्याकडे पाहिलं, पापणी न हलवता.

"मीच नाय आले, बाई. गणपतीचं काम व्हतं."

बाईंनी कागदावर लिहिलं, 'सांगूनही रुग्ण वेळेत आली नाही.'

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. पेण जवळ आलं तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी एसटीच्या खिडकीत बघितलं व्हतं तुमाला. थांब्यावर त्या बायकांच्या मागं मी पण व्हते. वाटलं, भाऊ माझ्याकडं आलाय." बाहेर बघत म्हणाली, "मग गाडी गेली."

 पेणला उतरलो. पुढच्या गणपतीआधी ती गेली.

रोह्याच्या त्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांचं घर मला माहीत आहे, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. तो कागद खोटा आहे, उशीर तिने नाही, मी केला, हे त्यांना सांगणं माझ्याकडे अजून राहिलं आहे.