हे धूड वळणार कुठे?

आमचे हे एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण करतात. जुनी जीप पार थकली, तेव्हा मोठी व्हॅन घ्यायचं निघालं. परदेशी धाटणीची, उंच छपराची, लांबलचक. शोरूमवाला ती घेऊन थेट महाडला आमच्या दारातच आला. मी आधी गल्लीकडे बघितलं. म्हटलं, हे धूड वळणार कुठे?

ह्यांचं आपलं भलतंच. आत शिरून वितीनं सीटा मोजतायत. "अख्खी शिफ्ट बसेल गो यात!" मी किंमत विचारली. आकडा ऐकून मी पदरच खोचला. मग डिझेल किती पिते, टायर केवढ्याला, सुटे भाग कुठे मिळतात, विचारून विचारून मी त्या माणसाला घाम फोडला.

सासूबाई ओट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. जीपच्या पायरीवर पाय चढेना, म्हणून कापडे गावी माहेरी जाणं कधीचं सुटलेलं. तिकडे एकुलता भाऊ, तोही थकलेला. फोनवर दोघं नुसती ओरडायची, कारण ऐकू दोघांनाही कमी.

"वळणावर कशी चालते ते बघायला नको?" त्या म्हणाल्या. "कापड्याकडं चला."

व्हॅनची पायरी खाली, बाजूला धरायला दांडी. त्या आपल्या आपण चढल्या आणि आत चक्क ताठ उभ्या राहिल्या. "अगो बाय! डोकं लागत नाय!" मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पोलादपूर मागे पडलं. वळणांवर गाडी जराही डुलली नाही. हे मिशीत हसत स्टिअरिंग फिरवत होते. कापड्यात भावाच्या अंगणात थांबलो. म्हातारा काठी सावरत पुढे आला. दोघं गळ्यात पडली, रडली आणि लगेच भांडायला लागली, फोन आधी कोण ठेवतं यावरून. मीही रडले, लाज कसली!

चहा झाला. शोरूमवाल्याला परतायची घाई. ह्यांची चुळबुळ सुरू. "जरा विचार करू, दुसऱ्या गाड्या पण बघू."

मी सासूबाईंना उठवायला हात पुढे केला. त्यांनी पाय आणखी लांब पसरले आणि भावाच्या डब्यातलं पान उचललं.

"माहेरी आलेली बाई नुसता चहा पिऊन माघारी जाते काय? तुमी जावा. गाडी घेतलीत की मला न्यायला या."