दोन्चोच्या खांद्यावरचा हात

आमच्या तिन्ही इमारतींत आता कुणी गेलं की घरची माणसं फोटो घेऊन इलिंकाकडे जातात. ती दारांवर, खांबांवर लावायचा निधनाचा कागद करून देते. काळी चौकट, वर क्रूस, मधे चेहरा, खाली नाव आणि चार ओळी. एका कागदाला तिला तीन दिवस लागतात. घाई असेल त्याला ती दुसरीकडे जायला सांगते. हे काम ती अडुसष्टाव्या वर्षी शिकली, आणि शिकली ती एकाच कागदासाठी.

त्याआधी एकतीस वर्षं ती आमच्या लोवेच गावच्या छापखान्यात पुस्तकं शिवत होती. मी तिथंच कटिंग मशीनवर होतो. तिचा नवरा दोन्चो छपाईला. तो छापायचा, ती शिवायची, मी कडा कापायचो. एकोणऐंशी साली मशीननं माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नेलं. तेव्हा दोन्चोनं मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं होतं.

सत्त्याण्णवला छापखाना बंद झाला. चाळीस जणांना एकाच दिवशी घरी पाठवलं. मला मात्र उरलेला कागद कापायला अकरा महिने ठेवून घेतलं. "तू नाही म्हण," असं दोन्चोनं मला सांगितलं होतं. मी नकार दिला नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. बावीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या इमारतींत राहिलो.

मार्चमध्ये बसथांब्यावर एक नवा कागद लागला. मी त्याच्याजवळ उभा राहून बसची वाट पाहिली. फोटोतल्या माणसाचे गाल फुगलेले होते, डोळे एकमेकांपासून लांब गेले होते. हा कोण असावा, असा एकदा विचार आला. माझ्याजवळ चष्मा नव्हता, नाव वाचलं नाही. बस आली, मी गेलो. चार दिवसांनी कळलं की तो दोन्चो होता. तोवर त्याला पुरून झालं होतं.

मी इलिंकाकडे गेलो. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर तोच कागद.

"ये, पेत्को. बस. उशीर केलास."

"मी ओळखलं नाही त्याला. थांब्यावर पाहिलं, पण ओळखलं नाही."

"तूच काय, त्याच्या सख्ख्या बहिणीनं विचारलं, हा जाडा कोण म्हणून." तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "दफनाच्या दुकानवाल्याचं काम. ओळखपत्रावरचा फोटो घेतला आणि चौकटीत बसेना म्हणून आडवा ताणला. मी विचारलं, तर म्हणतो, आजी, सगळे असेच दिसतात."

ती रडत नव्हती. आवाज चढत नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. मी पट्टी मागितली. तिनं ड्रॉवरमधून काढून दिली. मी मोजलं. चौकट डावीकडे तीन मिलिमीटर जास्त होती, खालची ओळ तिरकी होती. दोन्चोनं असला कागद मशीनवर चढवलाच नसता.

"चाळिसाव्या दिवशी दुसरा कागद लावतात ना, तो मी करणार आहे," ती म्हणाली. "स्वतः. तो लागेल तेव्हा लोकांनी त्याला ओळखलं पाहिजे. बाकी मला काही नको."

"तुला कॉम्प्युटर येतो?"

"सुई तरी कुठं येत होती."

एकतीस दिवस हातात होते.

वाचनालयात तीन कॉम्प्युटर आहेत. ते सियका सांभाळते. पन्नाशीची बाई, तोंडाला कुलूप नाही. तिनं इलिंकाला खिडकीजवळचं यंत्र दिलं आणि इंटरनेटवरचे धडे काढून दिले. डिझायनर लोकांसाठी कुणीकुणी फुकट केलेले धडे असतात, ते. फोटो सरळ कसा करायचा, मागचं कसं काढायचं, पानाच्या कडा किती सोडायच्या. फोटोवर काम करायचं साधनही तिथंच उघडतं, विकत घ्यावं लागत नाही. चांगले धडे रशियन भाषेत होते. ती आम्हाला शाळेत मारून मुटकून शिकवली होती, आणि पन्नास वर्षांत तिचा कुणाला उपयोग झाला नव्हता.

"घ्या, इलिंकामावशी," सियका म्हणाली, "शाळेतल्या मास्तरीणबाई वर बसून हसत असतील."

"वर कशाला असेल ती," इलिंका म्हणाली आणि कानांवर हेडफोन चढवले.

शिकवणारा तरुण दिसत नसे, नुसता आवाज. दर दोन वाक्यांनी म्हणायचा, हे अगदी सोपं आहे. मला ते आवडलं नाही. अकरा मिनिटांचा एक धडा उतरवायला इलिंकाला चार दिवस लागले. रद्दी कागदाची वही तिनं स्वतः शिवली होती. थांबव, लिही, मागे ने, पुन्हा ऐक. धड्यात सारखा येणारा थर म्हणजे काय ते तिला समजेना. मी तीन ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले. एकावर चौकट, एकावर नाव, एकावर चेहरा. मधला ओढून काढला.

"एवढंच?" ती म्हणाली. "मग तसं का नाही सांगत तो मेला?"

रोज दुपारी दोन ते पाच ती तिथं बसायची. मी चार वाजता जायचो, तिनं केलेलं बघायचो आणि चुका सांगायचो. मला दुसरं काही येत नाही.

अडचण फोटोची होती. दोन्चोला कॅमेऱ्याचा राग. शेवटच्या आजारपणातले फोटो तिला नको होते. एकच फोटो नीट निघाला, शहाऐंशी सालचा, चोवीस मेच्या मिरवणुकीतला. अक्षरांचा सण तो, दरवर्षी त्या दिवशी छापखाना झेंडे घेऊन निघायचा. फोटोत दोन्चो पट्ट्यापट्ट्यांच्या कोटात, थोडा हसतोय. चेहरा त्याचाच. शेजारी मी होतो. तिनं मला कापून टाकलं. पण माझा डावा हात त्याच्या खांद्यावर राहिला. तीन बोटं, आणि दोन बोटांची रिकामी जागा.

पडद्यावर तो हात मोठा दिसत होता. आम्ही दोघं बघत बसलो.

"हा तुझा आहे," ती म्हणाली.

"दिसतंय."

"ठेवू का? तो काही म्हणाला नसता."

"म्हणाला असता."

सियका मागून वाकली. "जिवंत माणसाचा हात मेलेल्याच्या कागदावर? मावशी, बुद्धी फिरली काय? असा कागद लावला तर पुढचा नंबर पेत्कोकाकांचा. दारावर दोघं शेजारी शेजारी."

असं आमच्याकडे मानतात. मी मानत नाही. पण दुसऱ्याच्या कागदावर आपला हात असू नये, एवढं मला कळतं.

"काढ," मी म्हटलं. "फोटो त्याचा आहे."

तेव्हा नऊ दिवस उरले होते.

एक साधन असं होतं की नको त्या गोष्टीवरून बोट फिरवायचं, ती जाते, आणि आजूबाजूचं बघून यंत्र जागा भरतं. इलिंकानं फिरवलं. हात गेला. पाच सेकंदही लागले नाहीत. ती खुर्चीत मागे टेकली.

"झालं," ती म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा थोडा सुटला.

मी चष्मा लावला. खांद्यावर कोटाचे पट्टे एकमेकांत घुसले होते. शिवण मधेच तुटली होती. खांदा चपटा झाला होता.

"नाही झालं."

"कुठं नाही झालं?"

"पट्टे जुळत नाहीत. आणि शिवण कुठंय?"

"पेत्को, खांबावरचा कागद आहे तो. माणसं येताजाता बघतात. पट्टे कोण मोजणार?"

"दुकानदारही हेच म्हणाला होता. सगळे असेच दिसतात."

तिनं माऊस सोडला. मग म्हणाली, "दोन बोटं गेली तरी तुझं मोजणं काही गेलं नाही. म्हणून तुला अकरा महिने ठेवून घेतलं असेल."

सियका तिच्या कपाटाकडे निघून गेली. मी टोपी घातली. मला राग आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. घरी जाऊन सूप गरम केलं आणि खाल्लं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता गेलो. इलिंका नव्या धड्यावर होती. त्यात शिक्क्यासारखं एक साधन होतं. चांगल्या जागेवरचा तुकडा उचलायचा आणि वाईट जागेवर बसवायचा. हातानं, थोडा थोडा. तिनं वहीत रशियन शब्द लिहिले होते आणि खाली आपल्या भाषेत: टाक्यासारखं.

"बघ," ती न वळता म्हणाली. "एक पट्टा झाला."

एका पट्ट्याला तीन तास लागले होते. हाताखाली सात पट्टे होते. दुसऱ्या खांद्यावरून उचलले तर ते उलटे वळत होते, म्हणून आधी तुकडा आरशासारखा फिरवायचा, मग तिरका करायचा, मग बसवायचा. चुकला की पुसायचा. तिच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. मी खुर्ची ओढून बसलो. पट्टा सरळ गेला की मी काही म्हणत नव्हतो. वाकडा गेला की, "डावीकडे," एवढंच.

सहाव्या दिवशी पट्टे संपले. सातव्या दिवशी शिवण केली. शिवण तिनं एका दमात केली. ती तिला येत होती.

त्याच दिवशी छापून पाहिलं, तर काळ्या चौकटीची खालची रेघ गायब. वाचनालयाचं मशीन कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही. हे मला ठाऊक असायला हवं होतं. जन्मभर कडाच कापल्या. चूक माझी, तसं मी तिला सांगितलं.

"लिहून ठेव," ती म्हणाली आणि वही पुढे केली. मी लिहिलं: कडा बारा मिलिमीटर सोडणे. तिनं चौकट आत घेतली. नाव पुन्हा मधोमध आणलं. आठव्या दिवशी पाच वाजता तीस प्रती निघाल्या. मी त्या ठोकून एकसारख्या केल्या. गठ्ठा छापखान्यात करायचो तसाच.

"घरी उघडू नकोस," ती म्हणाली. "लावताना बघू."

चाळिसाव्या दिवशी सकाळी सात वाजता ती दारात उभी होती. काळा रुमाल, पिशवीत गेलेल्याच्या नावानं वाटायचा उकडलेला गहू, साखर आणि अक्रोड घालून. माझ्याकडे कागद आणि चिकटपट्टी. पहिला त्यांच्या इमारतीच्या दाराला लावला, दुसरा माझ्या. सियका वाचनालय उघडत होती, तिनं दोन घेतले.

मग बसथांबा. जुना कागद अजून होता, पावसानं पिवळा पडलेला. इलिंकानं तो नखानं खरवडून काढला, घडी केली आणि पिशवीत घातला. मी नवा लावला. ती कोपरे दाबत होती.

थांब्यावर एक म्हातारा बसला होता. साखर कारखान्यातला, मला तोंडओळखीचा. त्यानं मान वर केली.

"हा तर दोन्चो," तो म्हणाला. "छपाईवाला. गेला का?"

"चाळीस दिवस झाले," इलिंका म्हणाली. तिनं पिशवीतून गव्हाचा एक पेला काढून त्याच्या हातात दिला. "देव त्याला क्षमा करो."

"क्षमा करो," म्हातारा म्हणाला आणि खायला लागला.

मी चष्मा लावून जवळ गेलो. दोन्चो थोडा हसत होता. मी कागदावर त्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं. पट्टे मोजले, सातही सरळ गेले होते. शिवण गळ्यापासून बाहीपर्यंत एकसंध होती. माझा हात कुठं होता ते मला ठाऊक होतं, तरी जागा सापडली नाही.

"सांधा दिसतो?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मान हलवली. माझ्याकडे आता पंचवीस कागद उरले होते. आम्ही पुढच्या खांबाकडे निघालो.