मिठात ठेवलेली फणी

मनू "येते" म्हणाली, त्या दिवशी शेजारच्या घरांत मी साखर वाटायचीच बाकी ठेवली. मनू म्हणजे माझी नात मानसी, वसईला एका चष्म्याच्या दुकानात कामाला. तिची आई, माझी मुलगी नंदा, गेली त्याला दोन वर्षं झाली; घरात आता मनू, जावई आणि मी. तेव्हापासून ही पोरगी दुकान आणि घर, घर आणि दुकान. कुठे चल म्हटलं की "आजी, नेक्स्ट टाइम". ती माझ्याबरोबर माझ्या माहेरी, मिठागरावर यायला तयार झाली म्हटल्यावर गुडघे गेले खड्ड्यात, मी विरारच्या आमच्या फुलपाड्यापासून चालतही निघाले असते.

मिठागरात काय बघायचं, असं तुम्हाला वाटेल. सांगते, पण आधी फणी.

नंदाची एक लाकडी फणी होती. औषधांनी केस जायच्या आधी ती शेवटची विंचरली, तेव्हा दातांत काही केस अडकले ते तसेच राहिले. पुढे डोकं सगळं उघडं पडलं. पोर रुमाल बांधून बसायची, आणि गेली तीही रुमालातच. तिचे केस म्हणून जगात जे काय उरलं, ते त्या फणीत. मनू ती पिशवीत गुंडाळून पर्समध्ये ठेवायची, झोपताना उशीखाली घ्यायची. एकदा पर्स रिक्षात राहिली तर भर रस्त्यात बसून ओरडत होती. रिक्षावाला भला, परत आला. पण त्या दिवसापासून मला झोप नाही. हिचं असंच चाललं तर पुढे काय?

मग मला माझी आई आठवली. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता. चालायला लागला आणि तापात गेला. त्याच्या कमरेचा करगोटा होता, चांदीचं घुंगरू लावलेला. आईनं तो दोरीला बांधून मिठाच्या कोंडीत सोडला. कोंडी म्हणजे मीठ पिकतं तो चौकोनी वाफा. खारं पाणी उन्हानं आटतं तसं आतल्या वस्तूवर मीठ धरतं, खडीसाखर धरावी तसं. काढला तेव्हा करगोटा कुठला, पांढरंशुभ्र कडंच झालं होतं. आईनं ते पडवीत वाशाला टांगलं. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, थेंब थेंब गळतं. खाली वाडगा ठेवून आई म्हणायची म्हणे, "माझ्या वाटचं ते रडतंय, मला कामं आहेत." दसऱ्यापर्यंत मीठ गळून गेलं आणि करगोटा होता तसा निघाला. पुढे मी झाले, तर तोच माझ्या कमरेला बांधला. गावाची रीत वगैरे नाही हो, माझ्या आईची.

हे सांगून मी म्हटलं, फणीही तशीच सोडू, तर मनूनं पर्स मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "खराब नाही ना होणार?"

"माझी आई काय खुळी होती?"

"आजी, मी सिरीयसली विचारतेय."

"मग मी काय तमाशा करतेय?"

पहिली फेरी होळी झाल्यावरच्या रविवारी. विरारहून वसईची बस धरा, पुढे रिक्षा. रिक्षावाला बांधापर्यंत येत नाही, चाकं गंजतात म्हणतो, त्यामुळे शेवटचं चालावं लागतं. सकाळी लवकर जा. तिथे झाड नाही, आणि ऊन वरून पडतं तसं खालूनही येतं. छत्री घ्या, पाणी घ्या, रबरी चपला घाला. पायाला भेगा असतील तर आदल्या दिवशी खोबरेल चोळा, नाहीतर माझ्यासारखं बोंबलाल. आणि मालकीची जागा असते, विचारल्याशिवाय आत शिरू नका.

माझी भावजय काशीवहिनी बांधावर उभीच होती. काळी, काटकी, कमरेला पदर. भाऊ गेल्यापासून एकटी मीठ ओढते.

"आली गो बाय माजी! आन ही नंदाची ना? नाक तेच हाय. खातेस का नाय गो? वारा आला तं खाडीत जाशील."

मनू हसली. मी बघितलं, खरंच हसली. मला इतका आनंद झाला की मी उगाच वहिनीच्या तब्येतीची चौकशी करत बसले.

फणी पिशवीतून काढायला मात्र मनूचा हात होईना. वहिनीनं घाई केली नाही. सुती दोरी काढून दिली. "लोखंडी तार नको, गंज धरंल. मधी सोड, कडंला नको. आन मीठ धरतंय तवर हात लावायचा नाय. हात लावला का मोडलंच." मनूनं स्वतः गाठ मारली, दोनदा सोडून परत मारली, काठी रोवली आणि फणी पाण्यात सोडली. केस पाण्यात पसरले. काळेभोर. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. शेवटी मी म्हटलं, "चल बाई, पोटात कावळे ओरडतायत."

परत येताना भुईगावला गेलो. वसई स्टेशनहून बस आहे, तीच घ्या. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून स्कूटर आली तर आपण कुणाच्या तरी अंगणात. तिथे नंदाची शाळेतली मैत्रीण फिलोमीना राहते, केळीची वाडी आहे त्यांची. तिनं जेवायला फुगे, म्हणजे तळलेले मऊ गोळे, आणि कोंबडी केली, जाताना सुकेळी बांधून दिली. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. वसईत याल तर घेतल्याशिवाय जाऊ नका, मधासारखी लागतात.

फिलोमीना मनूला म्हणाली, "तुझ्या मम्मीची वेणी आम्ही बाकाला बांधून ठेवायचो. बाई म्हणायच्या उभी राहा, आणि ही अर्धीच उठायची."

"मला कधी सांगितलं नाही तिनं."

"कशी सांगेल? मग तिनं माझ्या दप्तरात बोंबील टाकला, तेही सांगावं लागलं असतं ना! आठवडाभर कुणी माझ्या शेजारी बसेना." आणि हसता हसता बाई उठून आत गेली, ती बऱ्याच वेळानं बाहेर आली. डोळे पुसून आली होती.

दुसरी फेरी वैशाखात. बांधाच्या तोंडाशीच डंपर उभा. अर्ध्या कोंड्यांत लाल माती आणि फुटक्या फरशा. वहिनी मिठाच्या ढिगाला टेकून बसली होती, उठली नाही.

"शेटनी विकलं गो. यंदाचं मीठ न्या म्हनले आन भराव चालू. पुडच्या साली इथं बिल्डिंग. तुजी नात घील फ्लॅट, मी खाली वॉचमन ऱ्हाईन."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. माझा बाप, माझा भाऊ, सगळे याच चिखलात राबून गेले. पायांत इतकं मीठ मुरलेलं की चितेवर पाय लवकर जळायचे नाहीत. खोटं वाटेल, पण मी पाहिलंय.

मनू तोवर पळत सुटली होती. आमच्या कोंडीच्या शेजारपर्यंत भराव आलेला. एक कडा आमच्या कोंडीतही घसरलेला. काठी दिसेना. पोरगी जीन्ससकट गुडघाभर चिखलात उतरली आणि हातांनी चाचपायला लागली. मीठ काचेसारखं असतं, बोटं फाटली. मी बांधावरून ओरडतेय, "मनू, सावकाश!" आणि मनात म्हणतेय, देवा, हे मी काय करून बसले. फणी बरी होती पर्समध्ये. मातीखाली गेली असेल तर ही पोरगी आता मला कायमची गेली.

वहिनी उठली. चिखलात उतरली, पायानं तळ चाचपत गेली आणि एका जागी थांबली. "दोरी लागतंय पायाला. वडू नको. खालनं उचल." मनूनं दोन्ही हात खाली घातले आणि बाळ उचलावं तशी फणी वर काढली.

फणीवर टपोरे खडे धरले होते. आणि केस. एकेक केस वेगळा, मिठानं मढलेला, पांढरा. उन्हात बघवत नव्हता.

मनू म्हणाली, "आजी, मम्मीचे केस पिकले."

माझी नंदा म्हातारी झाली असती तर अशीच दिसली असती. मी छत्री मिटून घेतली, का ते माहीत नाही.

फणी डब्यात तांदळाच्या मऊ पिठात ठेवून आणली, तुम्ही आणाल तर तशीच आणा. घरी मनूनं ती स्वयंपाकघराच्या ग्रिलला टांगली, खाली वाडगा. आता पर्स हलकी झाली म्हणते. दुकानातल्या मुलींबरोबर अर्नाळ्याला जाऊन आली, कोळणीशी घासाघीस करून सुके बोंबील घेऊन आली. महाग आणले, पण मी बोलले नाही.

जूनची दमट हवा सुरू झाली आणि पहिला थेंब वाडग्यात पडला. मी ओट्याशी भाजी चिरत होते. आवाज केवढा तो, पण मला सोसेना. अजून चार महिने असं गळणार, आणि मग ते पांढरे केस जाणार. म्हाताऱ्या नंदाला मी आताच कुठे पाहिलं होतं. मी खुर्चीवर चढून फणी काढली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरली. तांदळात मीठ कोरडं राहतं.

संध्याकाळी मनू कुकर लावायला गेली. डब्यात हात घातला आणि थांबली.

"आजी, हे काय? तूच म्हणालीस ना, फणीला रडू द्यायचं?"

"तुझ्या वाटचं रडू द्यायचं म्हणाले. मला कामं आहेत."

तिनं फणीला चिकटलेला एकेक तांदूळ नखानं काढला. परत ग्रिलला टांगली, खाली वाडगा ठेवला. मग स्टूल ओढून म्हणाली, "बस इथे." मी बसले. ती खाली फरशीवर, माझ्या गुडघ्याला टेकून. त्या रात्री कुकर लागलाच नाही. जावई आला तर आम्ही दोघी अंधारात. त्यानं दिवा लावला, आमच्याकडे बघितलं आणि परत बंद केला.

आज हे लिहितेय तर टोकाचे चार केस मीठ गळून पुन्हा काळे झालेत. दसऱ्याला त्या फणीनं वेणी घालून घेणार, असं मनूनं सांगून ठेवलंय. काशीवहिनीलाही बोलावलंय, तिला आता मीठ ओढायला जायचं नाही. तोवर वाडगा रिकामा करायचं काम माझ्याकडे आहे.