चोवीस तासांची चिठ्ठी

आमची घरमालकीण ल्युसियन थिबोदो तरुणपणी जिथे भाड्याने राहायची, तिथला मालक वाटेल तेव्हा किल्ली लावून आत घुसायचा. एकदा ती न्हात असतानाही. म्हणून लुइस्टन शहरातलं हे तिमजली घर घेतल्यापासून, चोवीस तास आधी दाराला चिठ्ठी लावल्याशिवाय ती कुणा भाडेकरूच्या घरात पाऊल टाकत नसे. इथला कायदाही तसाच आहे.

तळमजल्यावरचे म्हातारे आर्मां पेलशा तिची थट्टा करायचे. दर शनिवारी ती त्यांच्यासाठी शिजवलेल्या घेवड्याचं भांडं घेऊन गेली की दारातच विचारायचे, "बाई, चिठ्ठी लावली होती का?"

त्या शनिवारी सकाळी दहाला त्यांनी दार उघडलंच नाही.

"किल्ली लावा की!" मी म्हटलं. "अडीअडचणीला कायदा सूट देतो."

"अडचण कशावरून? रेडिओ चालू आहे. रुसला असेल म्हातारा. माणसाला स्वतःच्या घरात रुसायचीही मुभा नको?"

मी चिडून वर निघून गेले. पोलिसांना फोन मलाही करता आला असता, केला नाही. तिने चिठ्ठी लावली, उद्या सकाळी दहाला येते म्हणून.

रविवारी दहाच्या ठोक्याला तिने दार उघडलं. आर्मां स्वयंपाकघरात पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, शनिवारी संध्याकाळपर्यंत जीव होता.

कुणी तिला दोष दिला नाही. दफनानंतर ती माझ्याकडे आली आणि तिने स्वतःच्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"पोरी, मी दार उघडलं नाही, तर थांबू नकोस. रेडिओ चालू असला तरी."