मुकादमाची साखर

चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं देऊन जी बाई निवृत्त होते, तिला गल्लीत काय नाव पडणार? सुईबाई. तोंडावर सगळे सिस्टर म्हणत, पाठ वळली की सुईबाई. पोरं जेवताना नखरे करू लागली की आया म्हणत, "गपचूप जेव, नाहीतर सुईबाईंना हाक मारीन." आयांना वाटे, बाईंना ऐकू जात नाही. बाईंना सगळं ऐकू जाई. रस्त्यात समोरून येणारं पोर त्यांना बघून आईच्या मागे दडे आणि बाई हसल्यासारखं करून पुढे जात. इतकी वर्षं हसल्यासारखं करायचं म्हणजे गाल दुखतात हो.

घरात तरी वेगळं काय होतं? नवऱ्याला मधुमेह. अकरा वर्षं सकाळ-संध्याकाळ बाईंनी त्याला इन्सुलिन टोचलं, एकही वेळ चुकवली नाही, आणि अकरा वर्षं त्याने पोटावरचा सदरा वर करताना तोंड भिंतीकडे फिरवलं. शेवटच्या आजारपणात तो एकदा म्हणाला, "तू खोलीत आलीस ना, की मला तू दिसतच नाहीस. सुई दिसते." एवढं बोलून कुशीवर वळला. माणूस जाताना चार बऱ्या गोष्टी बोलून जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कोणाची सेवा केलेली नसते.

तो गेला त्याच वर्षी बोका आला. करडा, लठ्ठ, एक कान फाटलेला. आल्या आल्या घराचे सगळे कोपरे हुंगून त्याने ओट्यावर बैठक मारली आणि बाईंच्या कामावर अशी नजर ठेवली, जणू त्यांची हजेरी त्याच्याकडेच आहे. लेकीने नाव ठेवलं मुकादम. मुकादमाला सुईबिई काही ठाऊक नव्हती. बाई खुर्चीत टेकल्या की हा मांडीवर, उठल्या की पायात, बाहेरून आल्या की दाराशी. साठी ओलांडलेल्या त्या बाईच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तिला बघून तिच्याकडे धावत होतं. बाईंनी हे कोणाला बोलून दाखवलं नाही. मासे मात्र त्याच्यापुरते जास्त आणू लागल्या.

चौथ्या वर्षी मुकादम वाडगाभर पाणी एका दमात पिऊ लागला. वाळूचा डबा दिवसातून तीनदा बदलावा लागे. खाणं दुप्पट आणि अंग मात्र उतरत चाललेलं. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून तेच सांगितलं.

"मावशी, साखर आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. तुम्हाला मी काय शिकवणार! आणि अजिबात घाबरू नका, सुई अगदी बारीक असते. त्याला कळणारही नाही."

इथेच घात झाला. 'कळणारही नाही' हे वाक्य बाईंनी स्वतः किती जणांना ऐकवलं असेल याची मोजदाद नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल, डोळे मीट, झालंसुद्धा, कळणारही नाही. आणि पाठोपाठ ती माणसं कशी कळवळतात, तेही त्यांनीच पाहिलेलं. धंद्यातलं खोटं धंद्यातल्या माणसाला लगेच ओळखू येतं. हा कालचा डॉक्टर आपल्याला पेशंटच्या नातेवाइकासारखं गुंडाळतोय, या विचाराने त्यांना रागच आला. दिवसातून दोनदा टोचलं की आठवड्यात मुकादम पलंगाखाली जाऊन बसणार. मग हाका मारा, मासे दाखवा, तो भिंतीकडे तोंड करून बसणार. तेवढं एक सोसायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

इन्सुलिनची बाटली त्यांनी आणली आणि फ्रिजच्या दारात ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी त्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेल्या.

दुकानदारीण मोठी गोड. "काकू, मुक्या जनावराला सुई कशाला? हे बघा, सगळं नैसर्गिक." दालचिनीची पूड, क्रोमियमचे थेंब, माशाचं तेल, साखर हळूहळू रक्तात उतरावी म्हणून कसल्याशा भुशाचं पाकीट, पायाच्या नसांसाठी बी-ट्वेल्व्ह. प्रत्येक डब्यावर हसणारं मांजर. मांजर हसतं हे बाईंना त्या दिवशी कळलं. याच बाई वॉर्डात पुड्या घेऊन येणाऱ्या नातेवाइकांची सालटी काढायच्या. "पुड्यांनी साखर उतरत असती तर आम्ही इथे काय माशा मारायला बसलोय?" आता त्याच बाई चष्मा लावून डब्यांवरचा बारीक मजकूर वाचत उभ्या होत्या आणि त्यातलं अक्षर न् अक्षर खरं मानायची तयारी करत होत्या.

एकदा डॉक्टरांचा फोन आला तेव्हा त्यांनी आडून विचारलंही.

"माशाचं तेल द्या, बी-ट्वेल्व्ह द्या, माझी ना नाही," डॉक्टर म्हणाले. "पण इन्सुलिनच्या जोडीला हं, त्याच्या जागी नाही. दालचिनीवर तर मुळीच भिस्त ठेवू नका. बरं, साखर किती येतेय आता?"

"उतरतेय," बाई म्हणाल्या. नातेवाईक याच सुरात खोटं बोलायचे. तो सूर आपल्यालाही इतका सहज लागतो, याची त्यांना लाज वाटली. पण फोन ठेवून त्या पूड कालवायलाच उठल्या.

तीन महिने गेले. मुकादमाची पाठ हाताला हाडं हाडं लागू लागली. मागचे पाय तो टाचेपर्यंत टेकवून फरपटत चालायचा. ओट्यावरची उडी संपली, मुकादमी संपली. बाई त्याला उचलून मांडीवर घेत. तिथे तो पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसे, कारण खाली उतरायची ताकद नव्हती. बाईंनी त्यालाही प्रेमच म्हटलं.

रविवारी लेक आली. दूध काढायला तिने फ्रिज उघडला आणि तशीच उभी राहिली.

"आई, या बाटलीचं सील फोडलेलं नाही."

"पूड देतेय मी त्याला."

"तू? पूड?" लेकीला आधी हसू आलं, मग तिने बोक्याचे पाय पाहिले. "बाबा रडकुंडीला यायचे, तरी एक वेळ सोडली नाहीस. आज राहू दे म्हटलं तर मलाच खोलीबाहेर काढायचीस. आणि याच्यावर तुझा हात उचलेना?"

"माझ्याजवळ येणं बंद करेल गं तो."

लेकीने बाटली काढून ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, "आम्हीही बंदच केलं होतं, आई. पण बाबा अकरा वर्षं जगले."

तिनेच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मात्रा सांगितली. सील फोडून पहिली सुई आत्ताच द्या आणि सकाळी त्याला घेऊन या, म्हणाले. बाईंनी मुकादमापुढे ताटली ठेवली. तो खाऊ लागला. मानेमागची सैल कातडी त्यांनी चिमटीत धरली आणि सुई घातली.

मुकादम खात राहिला.

त्याचा कानसुद्धा हलला नाही. बाईंना वाटलं, सुई नुसती केसांतून आरपार गेली. त्यांनी बोटांनी केस चाचपले. कोरडे होते. औषध आत गेलं होतं. मुकादमाने ताटली चाटून पुसून लख्ख केली, पाय ओढत तो वळला आणि पुढचे दोन्ही पंजे बाईंच्या पावलावर ठेवून वर बघू लागला, उचलून घे म्हणून. बाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडल्या. लेकीला वाटलं, मनावरचं ओझं उतरलं असेल. ओझं त्या क्षणी चढलं होतं. डॉक्टर खरं बोलला होता, आणि नेमकं ते एकच वाक्य बाईंनी खोटं धरलं होतं.

त्यानंतर आठ दिवस त्यांनी घड्याळ लावून सोळा वेळा टोचलं. सोळा वेळा तो त्यांच्याकडेच आला. पण तीन महिन्यांत शरीर आतून पोखरलं गेलं होतं. नवव्या दिवशी त्याने ताटलीकडे पाठ केली, ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि दुपारी दवाखान्याच्या टेबलावर, सलाईन चालू असतानाच, तो गेला.

डॉक्टरांनी हलक्या हाताने नळी काढली. "तुम्ही खूप केलंत हो मावशी त्याचं."

"मी त्याचं काही केलं नाही, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "तीन महिने मी त्याच्याकडून माझेच लाड करून घेतले."