हार्लेममधला एक खांदा

"मामा, चेंडू सोड! हात लावू नको, सोड तो!"

माझा भाचा ओंकार मैदानाच्या कडेच्या बाकावरून ओरडत होता. त्याच्या पाठोपाठ अख्खा संघ डचमध्ये तेच ओरडत असावा, पण मला डच येत नाही आणि चेंडू माझ्याच दिशेने येत होता. चेंडू कसला, तोफेचा गोळा. गवत जाळत येत होता. कऱ्हाडच्या आसपासच्या गावांत मी आयुष्यभर क्रिकेटची पंचगिरी केली आहे. आमच्याकडे चेंडू प्रेक्षकांत आला की प्रेक्षक तो अडवतो आणि आत फेकतो. त्याला शेजारधर्म म्हणतात. मी दोरी ओलांडली आणि वाकलो.

पण आधी मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस हार्लेममध्ये करत काय होता.

माझी धाकटी बहीण शैला पुण्यात असते. तिचा मुलगा ओंकार गेली काही वर्षं हार्लेमला राहतो आणि अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो. एवढ्यावर कुणाची हरकत नव्हती. पण रविवारी तो बेसबॉल खेळतो आणि त्यात त्याने उजवा खांदा दुखावून घेतला होता. आतला कसलासा स्नायू थोडा फाटला होता. सगळा फाटला तर ऑपरेशन, आणि नंतर हात पहिल्यासारखा चालेल याची हमी नाही, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं होतं. "दादा, तू जा," शैला म्हणाली, "आणि तो बरा होईपर्यंत त्याला मैदानावर पाऊल टाकू देऊ नको." मी रिकामाच होतो. बॅगेत महानारायण तेलाची मोठी बाटली घेतली आणि निघालो. ती बाटली विमानात फुटली. माझ्या आसपासच्या रांगांमधल्या म्हाताऱ्यांचे गुडघे अ‍ॅमस्टरडॅम येईपर्यंत इतके सुधारले की विमानतळावर त्यांच्यासाठी आणलेल्या चाकाच्या खुर्च्या रिकाम्याच परत गेल्या.

विमानतळापासून हार्लेमपर्यंतची जमीन इतकी सपाट आहे की उद्या कोण घरी येणार ते आज दिसतं. गाई धष्टपुष्ट आणि तोऱ्यातल्या. आगगाडीकडे बघायचे कष्टसुद्धा घेत नाहीत. अडवायला डोंगर नाही म्हटल्यावर वारा तर मोकाटच. पहिल्या दिवशी मी ओंकारच्या फीट्सवर (सायकलवर) भाजी आणायला निघालो. पुढच्या दिशेने जोरजोरात पेडल मारत होतो आणि मागून ओंकारचं घर जवळ जवळ येत होतं. शेवटी मी दारातच उतरलो. ओंकारची बायको रेवा म्हणाली, "मामा, लवकर आलात." मी म्हटलं, "दुकान बंद होतं."

रेवा रोज सकाळी युट्रेख्टला जाते, तिथल्या विद्यापीठात संशोधन करते. ओंकार खांद्यामुळे घरूनच काम करत होता. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. तो कॉम्प्युटरकडे बघायचा, मी खांद्याकडे. एक फिजिओथेरपिस्ट बाई त्याला रबरी पट्टा ओढायला लावायची. सकाळी ओढ, दुपारी ओढ. इथल्या हाउसआर्ट्सकडे (घरच्या डॉक्टरकडे) काहीही घेऊन गेलात तरी तो पॅरासिटामॉल देतो आणि वाट बघायला सांगतो. आधी मला हा आळस वाटला. पुढे लक्षात आलं की दुखापतीवर जगात औषध तेच, फक्त आपल्याकडे वाट बघायला सांगणारा डॉक्टर चालत नाही म्हणून सोबत इंजेक्शन देतात.

रविवारी ओंकारच्या संघाचा खेळ बघायला जायचो. बेसबॉलला इथे हॉन्कबाल म्हणतात. खेळ सोपा आहे. चार कोपऱ्यांवर चार बेस. चेंडू मारायचा, बॅट टाकून पळायचं आणि तीन कोपरे फिरून चौथ्यावर, म्हणजे घरी यायचं. घरी पोहोचलात की एक धाव. माझ्या लाडक्या लेट कटला मात्र इथे काहीही मिळत नाही. मागे मारलेला चेंडू फुकट. आणि पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, राजरोस कोपर वाकवून फेकतो. मी हयात घालवली कोपर वाकवणाऱ्यांना नो-बॉल देण्यात. पहिल्या सामन्यात पहिलाच चेंडू पडला आणि माझा हात आपोआप आडवा झाला. शेजारच्या डच बाईंना वाटलं मी आळस देतोय. आणि त्याच गुन्ह्यात माझा भाचा त्या संघात सगळ्यात निष्णात होता.

तो बाहेर बसल्यापासून संघ हरत सुटला होता. त्याच्या जागी यान नावाचा एक बेकरीवाला फेकायचा. माणूस सोन्यासारखा, त्याचा बदामाचा केक खाऊन मी एकदा उभ्या उभ्या झोपलो. पण त्याचा चेंडू हातातून सुटून फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत वरचे ढग बदलायचे. खरी गंमत अशी की यान वाईट फेकत होता म्हणून संघ हरत नव्हता. ओंकार असताना बाकीचे निर्धास्त असायचे. तो गेल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याचं कामही आपणच करायला धावायचा आणि मध्ये चेंडू पडायचा. एकाचा खांदा फाटतो आणि लंगडतो सगळा संघ. आणि कँटीनमध्ये बटाट्याच्या तळलेल्या फोडी मेयोनीजमध्ये बुडवत सगळे एकच विचारायचे, ओंकार कधी येणार. मीही विचारायला लागलो. ज्याला अडवायला मला पाठवलं होतं, तो कधी खेळणार याची मला घाई झाली होती. चाहता होणं म्हणजे दुसऱ्याच्या खांद्याबद्दल आपण धीट होणं.

हंगामाचा शेवटचा सामना राहिला. हरलो तर खालच्या गटात जाणार. त्या आठवड्यात संघाची प्रशिक्षक मरायके घरी आली. ही बाई इतकी उंच की हार्लेमच्या दारातूनही वाकून येते, आणि हार्लेमची दारं काही बुटकी नसतात. तिच्या संघाची एक रीत आहे. दुखापत झालेला परत यायला निघाला की त्याला काही विचारायचं नाही, त्याच्या घरच्या माणसाला विचारायचं. कारण खेळाडू खोटं बोलतो. तिने रेवाला विचारलं.

"मी बायको आहे, मी नाहीच म्हणणार," रेवा म्हणाली. "दिवसभर मामा असतात. त्यांना विचार."

मरायके माझ्याकडे वळली. तिच्या पाठीमागे ओंकार उभा होता. तो डोळ्यांनी जे सांगत होता ते कळायला डच लागत नव्हतं. मरायकेने इंग्रजीत सरळ विचारलं, हा उजवा हात डोक्याच्या वर नेतो का.

आता मला ओळखणारे सांगतील की मी तिथे काय काय सांगू शकलो असतो. हा उजव्या हाताने छताचा पंखा पुसतो. घराला पंखा नाही म्हणून शेजारच्यांचा पुसतो. एवढं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण रोज सकाळी मी त्याला फळीवरून पोह्याचा डबा काढताना बघत होतो. सगळ्यात वरची फळी, ओट्याच्या उजव्या बाजूला. तो आधी वळायचा आणि मग डावा हात वर न्यायचा. सवयीने. त्याचं त्यालाही कळत नसावं.

"डबा तो डाव्या हाताने काढतो," मी म्हटलं.

मरायकेने मान हलवली, कॉफी संपवली आणि गेली. ओंकार खिडकीकडे गेला.

"जन्मभर थापा मारल्यास, मामा," तो म्हणाला. "आज एक मारता आली नाही तुला?"

रेवाने कांदा चिरायला घेतला. एरवी ती माझ्याकडून चिरून घेते.

रविवारी वारा इतका होता की पंचाची शिट्टी पुढच्या गावात वाजली असती. पंचाकडे शिट्टी नसते ही गोष्ट वेगळी. ओंकार संघाचे कपडे घालून बाकावर बसला होता, हात मांडीवर, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. माझ्याशी सकाळपासून मोजून बोलत होता. मी पहिल्या बेसच्या पुढे, दोरीपाशी घडीच्या खुर्चीत. आणि यान त्या दिवशी कसा फेकत होता म्हणून सांगू. त्याच्या संथपणाला वाऱ्याची जोड मिळाली. चेंडू येता येता मध्येच विचार बदलायचा. समोरचे फलंदाज आधीच बॅट फिरवून मोकळे व्हायचे. आमचा संघ शेवटच्या डावापर्यंत एका धावेने पुढे राहिला. समोरच्यांची शेवटची खेळी, त्यांचा एक गडी पहिल्या बेसवर उभा, आणि पुढच्याने चेंडू मारला तो पहिल्या बेसवरून थेट माझ्या कोपऱ्यात.

इथे ओंकार ओरडला. इथे मी वाकलो.

चेंडूने माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट असं पिळलं की आवाज समुद्रापर्यंत गेला असेल. पण मी चेंडू सोडला नाही. उठलो आणि कोपर सरळ ठेवून, नियमाप्रमाणे, आत फेकला. तो थेट आमच्या यष्टिरक्षकाच्या, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत कॅचरच्या, हातमोज्यात जाऊन बसला. पळत घरी येणारा गडी त्याच्यापाशी पोहोचला तेव्हा चेंडू त्याची वाट बघत होता. मी बोट वर करून बाद दिलं. तेच मोडलेलं बोट.

पंच माझ्याकडे चालत आला, मी हात पुढे केला, त्याने तो घेतला नाही. प्रेक्षकाने चालू चेंडूला हात लावला की खेळ थांबतो आणि गडी कुठपर्यंत पोहोचला असता ते पंच ठरवतो. पंचाने ठरवलं, घरी. बरोबरी झाली. पुढच्याच फलंदाजाने यानला इतक्या लांब मारलं की त्या चेंडूने कुणाला हात लावू दिला नाही. आमचे फलंदाज आले तसे परत गेले. सामना गेला, गटही गेला.

कँटीनमध्ये मी मरायकेला स्पष्ट विचारलं, माझ्यामुळे हरलो का. आपल्याकडे असं विचारलं की समोरचा "छे छे" म्हणतो. तिने विचार केला.

"थोडं तुमच्यामुळे," ती म्हणाली. "जास्त आम्हाला मारता येत नाही म्हणून."

ओंकारने माझ्या बोटाला बर्फ लावून दिला. डाव्या हाताने. सकाळपासूनचा त्याचा राग तेव्हा थोडा उतरला असावा, कारण तो म्हणाला, "फेकलास मात्र बरोबर." दुसऱ्या दिवशी हाउसआर्ट्सने पॅरासिटामॉल दिलं आणि वाट बघायला सांगितलं.

हिवाळ्याच्या तोंडावर मी परतलो. बोट अजून थोडं वाकडं आहे. पुण्यात शैलाच्या घरी मी सगळी हकीकत सांगितली, तेलाच्या बाटलीपासून. चेंडू गवत जाळत कसा आला ते दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ती चहा गाळत होती. मनात एकच होतं. संघ खाली गेला तर पुढच्या वर्षी वर येईल, खालच्या गटात प्रवासही कमी असतो म्हणे. खांदा मात्र एकदा गेला की गेला. पण हे मी बोललो नाही. शैलासमोर शहाणपण केलं की ती संशय घेते.

तेवढ्यात ओंकारचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. त्याने फोन ओट्यावर टेकवून ठेवला होता आणि बोलता बोलता नाश्त्याचं बघत होता. त्याने वरच्या फळीवरचा डबा काढला. न वळता. उजव्या हाताने. शैला कॅमेऱ्यात जवळ जाऊन त्याचा चेहराच बघत होती, तिला ते दिसलं नाही.

"हा सांगतोय, चेंडू तोफेच्या गोळ्यासारखा आला," ती म्हणाली. "खरं का रे?"

ओंकारने डबा खाली ठेवला, झाकण उघडलं आणि मूठभर पोहे चाळणीत टाकले.

"घरंगळत आला होता, आई."