दशांशचिन्हाची दोन घरं

पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्या बाईंना मुलं पाठीमागे ‘झाकणबाई’ म्हणायची. पेपर तपासताना बाई पुठ्ठ्याची एक जाड पट्टी उत्तरावर ठेवायच्या आणि आधी नुसती रीत वाचायच्या. उत्तर सगळ्यात शेवटी. नवीन प्राध्यापकांना ही त्यांची लहर वाटायची.

पण आधीची अठरा वर्षं बाईही चारचौघांसारख्याच तपासत होत्या. उत्तर बघायचं, जुळलं की बरोबरची खूण. नाही जुळलं, तरच वर जाऊन रीत वाचायची. नव्वद पेपरांचा गठ्ठा आणि चार दिवसांची मुदत. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! हात इतका बसला होता की स्टाफरूममध्ये पहिला गठ्ठा बांधून व्हायचा तो त्यांचाच.

त्यांची धाकटी बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती. एका दुपारी ती आली आणि हातातली पिशवीही खाली न ठेवता म्हणाली, “ताई, आमच्याकडे फार वाईट झालं गं. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा डोळा गेला.”

“गेला म्हणजे?”

“भाजला. डोळे धुवायचं द्रावण दहापट कडक झालं होतं. लिटरला चार ग्रॅम भुकटी घालायची असते. बाटली अडीचशे मिलिलिटरची, म्हणजे एक ग्रॅम हवी. द्रावण करणाऱ्या पोरीने दहा घातली.”

“दहा? अगं, हिशेब तरी कसा केला तिने?”

“कागदावर लिहिलं होतं ना. अडीचशे मिलिलिटर म्हणजे अडीच लिटर.”

बाईंना आधी हसूच आलं. “हे शाळेतल्या पोरालाही कळेल! पाव लिटरची बाटली, त्यात अडीच लिटर मावणार कसे? कुणी कामावर घेतलं असल्या मुलीला?”

धाकटीने आता पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “ताई, ती तुझीच विद्यार्थिनी. रसायनात पैकीच्या पैकी होते, म्हणून तर घेतलं.”

ती कोणत्या वर्षाची, ते बाईंनी विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तास संपताच त्या कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत गेल्या. जुने पेपर पाच वर्षं तिथे ठेवत. चार वर्षांपूर्वीचा गठ्ठा सापडला, त्यात त्या मुलीचा पेपर सापडला. अक्षर गोल, स्वच्छ, कुठे खाडाखोड नाही. प्रश्न साधा होता: दोन मोलर तीव्रतेच्या आम्लापासून शून्य पूर्णांक एक दशांश मोलरचं अडीचशे मिलिलिटर द्रावण बनवायचं, तर मूळचं आम्ल किती घ्याल? उत्तर साडेबारा मिलिलिटर. मुलीनेही साडेबाराच लिहिलं होतं. शेजारी लाल शाईत दहापैकी दहा.

बाईंनी रीत वाचली. अडीचशे मिलिलिटर म्हणजे २.५ लिटर. तिथून ०.१२५ लिटर आलं, आणि त्याचे मिलिलिटर केले १२.५. लिटरात हजार मिलिलिटर, हे त्या मुलीला तोंडपाठ असणारच. पण हात दशांशचिन्ह तीन घरं सरकवण्याऐवजी दोनच सरकवत होता. लिटरात जाताना दोन, मिलिलिटरात परत येताना दोन. एका चुकीने दुसरीला पोटात घातलं होतं, आणि उत्तर दरवेळी बिनचूक येत होतं. दवाखान्यात मात्र फक्त जायचं होतं, परत यायचं नव्हतं.

एवढंच असतं तर बाई कदाचित स्वतःला समजावू शकल्या असत्या. पण त्या २.५ च्या डोक्यावर एक लाल ठिपका होता. पेन टेकवून उचललं की पडतो तसा. म्हणजे त्यांना दिसलं होतं. पेन क्षणभर थांबलं होतं. मग नजर खाली गेली, उत्तर जुळलं, आणि पेन पुढे निघून गेलं. त्यांना तो क्षण आठवेना. खूप ताण दिला, तरी आठवेना. आपल्याच हाताचा पुरावा समोर, आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

त्यानंतर तो आकडा बाईंच्या मागेच लागला. दुकानात तेलाची बाटली घेतली की त्या मागचा आकडा दोनदा वाचत. बसमध्ये समोर एका डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस बसला तर पुढच्याच थांब्यावर उतरून चालत घरी येत. फळ्यावर लिहिताना खडू मध्येच थांबायचा आणि मुलं म्हणायची, “मॅडम, पुढे?”

शेवटी त्या पेपर घेऊन मुलीच्या घरी गेल्या. तिची नोकरी गेली होती. दार तिच्या आईने उघडलं आणि बाईंना ओळखताच ती म्हणाली, “तुम्हीच सांगा हो मॅडम, माझी पोरगी हुशार होती ना?” बाईंनी विचारलं, “ती आहे का घरात?”

मुलगी आतून आली. बाईंनी पेपर तिच्यापुढे ठेवला. तिने रीत वाचली आणि तिचं बोट ठिपक्यावर येऊन थांबलं.

“मॅडम, हे तुम्हाला दिसलं होतं?”

“हो.”

“मग?”

“उत्तर बरोबर होतं.”

 मुलगी आत जाऊन पेन घेऊन आली. “पुन्हा तपासा. आत्ता, माझ्यासमोर.”

बाईंनी तपासलं. सूत्र बरोबर, मांडणी बरोबर, दोन्ही रूपांतरं चूक. दहाचे चार केले. मुलीने ते चार बघितले आणि तिचा बांध फुटला. “हे तेव्हा मिळाले असते ना, तर मी घरी येऊन रडले असते, मॅडम. एवढंच झालं असतं.”

बाईंनी दवाखान्याच्या चौकशी समितीला लेखी कळवलं की यात त्यांचाही दोष आहे. समितीने आभार मानून कागद फायलीला लावला. मुलीची नोकरी काही परत मिळाली नाही. विभागप्रमुखांना बाईंनी सांगितलं की यापुढे त्या उत्तर झाकून आधी रीत तपासतील, आणि प्रत्येक गणितात एक जादा प्रश्न असेल: हे उत्तर शक्य वाटतं का, आणि का? प्रमुख म्हणाले, “बाई, आपल्याला निकाल लावायचाय, मुलांचं डोकं उघडून बघायचं नाहीये.”

“तेच बघायला ठेवलंय आपल्याला,” बाई म्हणाल्या.

पहिल्या वर्षी निकाल असा कोसळला की पालक भांडायला आले. उत्तरं बरोबर आणि रीत चूक, अशी एकोणीस मुलं निघाली. एकोणीस! बाईंनी त्यांना एकेकाला बोलावून विचारलं, तेव्हा कुणाला कारण सांगता येईना. “असंच करतो आम्ही, मॅडम.” मग अठरा वर्षांच्या गठ्ठ्यांत असे किती असतील, आणि ते आज कुठे काय मोजत बसले असतील, या विचाराने बाईंच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. रस्त्यात जुना विद्यार्थी भेटून पाया पडायला वाकला, की त्या आधी विचारत, “काम काय करतोस?” तो कापडाच्या दुकानात आहे म्हणाला की त्यांचा जीव भांड्यात पडे.

त्या मुलीला दीड वर्षाने एका छापखान्यात काम मिळालं. एका दुपारी तिचा फोन आला.

“मॅडम, शाई पातळ करायचीये. मी हिशेब सांगते. तुम्ही काही बोलू नका, नुसतं ऐका.”

“सांग.”

“लिटरला साठ मिलिलिटर पातळ करायचं तेल. माझ्याकडे शाई साडेसातशे मिलिलिटर. म्हणजे पाऊण लिटर. डबा लिटरभराचा आहे, त्यात पाऊण भरलाय, डोळ्यांनी दिसतंय. पंचेचाळीस मिलिलिटर.” तिकडे यंत्र धडधडत होतं. “ठेवते, मॅडम.”

फोन बंद झाला. बरोबर होतं. बाईंनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मांडून बघितलं, पंचेचाळीसच आलं. मग त्यांनी तो कोपरा फाडून टाकला, कोरा कागद घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली.